पुण्यात पाच दिवस, मंगलच्या होकारासाठी

अकोल्याचा माणूस पुण्याला जातो तो मुलाला कॉलेजात घालायला, नाहीतर कंपनीत लागलेल्या मुलाचा फ्लॅट बघून यायला. आम्ही दोघं गेलो ते मूल आणायला. माझं वय एक्कावन्न, सुनंदाचं अठ्ठेचाळीस. ही वयं मी लाजत सांगत नाही, कारण गेली दोन वर्षं ती सरकारी फॉर्मवर इतक्यांदा लिहिली आहेत की आता झोपेतही सांगेन. कायद्याला नवरा-बायकोच्या वयांची बेरीज लागते. चार ते आठ वर्षांचं मूल हवं असेल तर बेरीज शंभरच्या पुढे जाता कामा नये. आमची नव्व्याण्णव. म्हणजे पुढच्या वाढदिवसांना आम्ही दोघं मिळून नापास.

तरुणपणी आम्ही एकदा हा प्रयत्न केला होता. तेव्हा प्रत्येक संस्थेची यादी वेगळी, फाईल वेगळी. तीन गावांत तीन फायली ठेवून आलो आणि पोस्टमनकडे बघत बसलो. एका संस्थेने दोन वर्षांनी कळवलं की फाईल सापडत नाही, पुन्हा द्या. तोवर आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, "कोणाचं कोण जाणे" हे तीन शब्द उच्चारले होते, आणि मी त्या काळी वडिलांसमोर चौथा शब्द बोलणारा माणूस नव्हतो. विषय मिटला. सुनंदाने तो मिटवला नाही, घडी घालून ठेवला.

मग कायदे बदलले, सगळ्या देशाची एकच रांग संगणकावर आली, आणि मोठ्या मुलांसाठी आमच्यासारख्या मोठ्या माणसांनाही दार उघडलं. माझा भाचा निखिल पुण्यात कंपनीत आहे. त्याने फॉर्म भरून दिला. घरी चौकशी झाली, कागद गेले, वाट पाहणं झालं. आणि एका रविवारी त्याचा फोन आला : "मामा, प्रोफाइल आलंय. मुलगी, सात वर्षं, पुण्यातच आहे. अठ्ठेचाळीस तासांत हो म्हणायचं."

मी म्हटलं, "पंचवीस वर्षं थांबलो, आणि आता अठ्ठेचाळीस तास?"

सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "हो."

त्यानंतर वीस दिवसांत जाऊन, भेटून, सह्या करून यायचं होतं. त्यातले चौदा माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाने खाल्ले. तिथे मी ग्रंथपाल आहे, आणि आमच्याकडे रजा मिळवणं हे मूल मिळवण्याइतकंच कागदी काम आहे.

पहिला दिवस : हडपसर

निखिलचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. गेटवर माझा फोटो काढला, फोन नंबर घेतला, आणि वर निखिलला विचारून मगच आत सोडलं. अकोल्यात आमच्या गल्लीत हे काम एक कुत्रं करतं, आणि जास्त आपुलकीने.

बाल्कनीतून खाली पाहिलं तर दोन काचेच्या इमारतींच्या मधोमध उसाचा एक तुकडा उभा होता. कोण्या शेतकऱ्याने अजून विकला नसावा. आयटीवाल्यांच्या गाड्या त्याला वळसा घालून जात होत्या. मला तो तुकडा फार आवडला, पण निखिल म्हणाला, "मामा, त्याचीच बोलणी चालली आहेत."

सुनंदा स्वयंपाकघरात गेली आणि लगेच बाहेर आली. "निखिल, ताट कुठंय?"

"ताट नाहीये मामी. जेवण डब्यातच येतं ना."

"पोळपाट?"

"तो तर मी लहानपणी पाहिलाय."

"बाप्पा!" सुनंदा म्हणाली आणि भिंतीला टेकली. घरात ताट नसावं हे तिला दार नसण्यासारखं वाटलं. त्यावरूनच तिच्या डोक्यात आलं की मुलीला पहिल्या भेटीत तिचं स्वतःचं ताट न्यायचं. खेळणी सगळेच आणतात. ताट म्हणजे घर. मलाही पटलं. आमच्या घरात मला न पटलेल्या गोष्टीही होतात, पण ही पटली होती, हे आधीच कबूल करून ठेवतो.

दुसरा दिवस : सदाशिव पेठ

मुलीचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरला दाखवता येतो. निखिलच्या ओळखीचे एक बालरोगतज्ज्ञ सदाशिव पेठेत होते. जिन्यापाशी चप्पल काढून, पाटीवरच्या सूचना वाचत वर गेलो. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी पानं वाचली.

"रक्त थोडं कमी आहे. दात किडलेत. बाकी मुलगी ठीक आहे."

"म्हणजे काही काळजी...?"

"काळजी आपल्या रक्तदाबाची. जिना चढून आलात तेव्हाचा चेहरा मी पाहिला. बसा, मोजतो."

अकोल्याचे डॉक्टर आधी घरच्यांची चौकशी करतात, मग शेजाऱ्यांची, मग नाडी बघतात. पुण्यातले सरळ माणसावर येतात. माझा रक्तदाब खरोखरच वर होता.

तिथून दोन गल्ल्या सोडून भांड्यांचं दुकान. सुनंदाने स्टीलचं ताट, वाटी आणि फुलपात्र निवडलं. दुकानदार वयस्क होते. नाव घालायचं मशीन त्यांच्याच हातात होतं, दातांच्या डॉक्टरकडे असतं तसा आवाज करणारं.

"नाव?"

"मुग्धा," सुनंदा म्हणाली.

हे नाव ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून बाळगून होती. त्या तिन्ही फायलींत "मुलीचे ठरवलेले नाव" असा रकाना नसतानाही तिने समासात ते लिहिलं होतं. मुलीचं संस्थेतलं नाव मंगल आहे, हे आम्ही प्रोफाइलमध्ये वाचलं होतं. पण आमच्याकडे मुलगी घरात आली की नाव बदलायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की त्यावर चर्चाही झाली नाही. सुनंदासुद्धा माहेरची लता. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"नाव नक्की आहे ना?" दुकानदारांनी विचारलं. "घातल्यावर मी परत घेत नाही."

"पंचवीस वर्षं नक्की आहे," मी ऐटीत म्हटलं.

"मग आजवर काय करत होतात?" असं म्हणून त्यांनी मशीन सुरू केलं.

तिसरा दिवस : संस्थेत

संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही नऊची वेळ असताना साडेआठला पोचलो. सुनंदाने ठेवणीतली साडी नेसलेली, मी एप्रिलच्या उन्हात जाकीट घातलेलं. रिक्षातून उतरताना माझ्या लक्षात आलं की आम्ही मुलगी पाहायला आल्यासारखे दिसतोय. बसवलंही तसंच, समोरासमोर खुर्च्या, मध्ये टीपॉय.

तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या वैशालीताई आधी एकट्याच आल्या. त्यांनी मंगलची हकिकत सांगितली. आई गेली तेव्हा ती अडीच वर्षांची. मामाने आणून ठेवलं. दर दिवाळीला मामा यायचा, "पुढच्या वर्षी नेतो" म्हणायचा, आणि सही करून जायचा. मग तेही थांबलं.

"म्हणजे कागदावर ती मामाची होती," वैशालीताई म्हणाल्या. "म्हणून दुसऱ्या कोणाला देता येत नव्हती. आणि प्रत्यक्षात कोणाचीच नव्हती. अशी मुलं इथे मोठी होऊन जायची. आता बालकल्याण समितीला मुदत घालून दिली आहे. मामाला बोलावलं, विचार बदलायला वेळ दिला, पेपरात जाहिरात दिली. तेव्हा कुठे ती मोकळी झाली. पण या सगळ्यात ती सात वर्षांची झाली. बाळांसाठी मोठी रांग असते. आठच्या पुढच्यांना फारसं कोणी विचारत नाही."

"आम्ही विचारतोय की," मी म्हटलं.

"हो. पण तिलाही विचारायचं आहे. पाच वर्षांच्या वरच्या मुलाचा होकार लागतो."

मला हसू आलं. मी म्हणालो, "ताई, आम्हाला तर लग्नातसुद्धा कोणी विचारलं नव्हतं." त्या हसल्या नाहीत. सुनंदाही हसली नाही, पण तिची कारणं वेगळी असावीत.

मंगल आली. दोन घट्ट वेण्या, तेल चोपडलेलं, फ्रॉकला इस्त्री. मी सवयीने विचारलं, "बाळ, कितवीत आहेस?"

ती सरळ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "माझं नाव मंगल, मी दुसरीत आहे, मला चित्रकला आवडते, मी मोठी होऊन नर्स होणार, कविता म्हणू का?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने कविता म्हटली, हातवाऱ्यांसकट. मग आमच्याकडे न बघता ताईंकडे बघितलं, संपलं ना, अशा अर्थाने. इथे देणगीदार येतात, कॉलेजची मुलं येतात, वाढदिवस साजरे करायला कुटुंबं येतात. त्या सगळ्यांना ही एकच कविता मिळत असणार. मी टाळ्या वाजवल्या. वाजवायला नको होत्या.

सुनंदाने पिशवीतून ताट काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. "हे तुझं. घरी गेल्यावर यातच जेवायचं."

मंगलने ताट उचललं. कडेवरची अक्षरं तिने बोट ठेवून वाचली. मग वाटी वाचली. मग फुलपात्र. मग तिन्ही एकात एक नीट रचून सुनंदाच्या हातात परत दिली.

"हे दुसऱ्या कोणाचंय," ती म्हणाली. अगदी मदत केल्यासारखी.

आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो. छान नाव आहे, आता हेच तुझं नाव, शाळेत सगळे मुग्धा म्हणतील. जितकं बोललो तितकी ती मागे सरकली. शेवटी ताई तिला आत घेऊन गेल्या. अर्ध्या तासाने एकट्याच परत आल्या.

"नाही म्हणते."

"काहून?" सुनंदाचा आवाज फुटला.

"म्हणते, त्यांना मुग्धा पाहिजे. आपल्याकडे मुग्धा नाही." ताईंनी खुर्ची ओढून घेतली. "हे बघा, ती हट्ट करत नाहीये. तिला खरंच वाटतंय की आपण चुकून इकडे आलात. मागे एक जोडपं पत्ता चुकून दुसऱ्या संस्थेऐवजी इथे आलं होतं, आणि दोन तास मुलांशी खेळून निघून गेलं. तिला तो प्रकार माहीत आहे."

"आणि नाहीच म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर मला तसं नोंदवावं लागेल. आपलं नाव पुन्हा रांगेत. मुदत शनिवारी संपते. आज गुरुवार."

नव्व्याण्णवची बेरीज मला तिथे बसल्याबसल्या शंभरच्या पलीकडे जाताना दिसली. आणि तिची सातची आठ.

संध्याकाळी हडपसरला निखिलने जेवण मागवलं. सुनंदाने ते बाजूला सारून एकुलत्या कढईत पिठलं केलं. पुण्याच्या पद्धतीने त्यात साखर घालू का, असं मी विचारलं, ते कोणी ऐकलं नाही. पिठलं ढवळतच ती म्हणाली,

"ते नाव आपल्या बाळाचं होतं हो. हे बाळ नाही. ही मंगल आहे."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. ती म्हणाली, "तुम्ही आता गोष्ट सांगू नका." मी पिठलं खाल्लं. मुग्धा नावाचं ते ताट निखिलकडेच राहिलं, त्याला मात्र ताट मिळालं. नंतर त्याने फोनवर सांगितलं, की त्याच्या ऑफिसातले मित्र अजून विचारतात, ही मुग्धा कोण, आणि तो नुसता लाजतो.

चौथा दिवस : कात्रज

वैशालीताईंनी एक संधी दिली. त्या स्वतः सोबत येतील, मंगलला घेऊन कुठेतरी बाहेर जाऊ. मी उत्साहाने कात्रजचं सर्पोद्यान सुचवलं. मुलांना आवडतं, मलाही माझी मगरीची गोष्ट सांगता येईल.

मंगल आत शिरल्यापासून आमच्या पुढे. "इकडे अजगर. त्याच्या पुढे नाग. नागाच्या काचेवर टकटक करायची नाही." मी विचारलं, "आधी आली होतीस?"

"सहा वेळा. जो येतो तो इथेच आणतो."

तरीही मी मगरीपाशी माझी गोष्ट सुरू केली. आमच्या खानदानातल्या सगळ्या मुलांनी ती डोळे विस्फारून ऐकली आहे. मंगलने अर्ध्यात थांबवलं. "मगर बोलत नाही. आणि ती एवढा वेळ तोंड उघडं ठेवते ते गरम होतं म्हणून. तिथे लिहिलंय." तिथे खरंच लिहिलं होतं. नागाच्या काचेपाशी मी तिच्या मागे उभा राहिलो, कारण मला सापांची भीती वाटते, आणि तिला ते समजलं असावं. ती जरा हळू चालायला लागली.

दुपारी एका साध्या हॉटेलात बसलो. वेटरने विचारलं, "छोट्या ताई, काय घेणार?" मंगल त्याच्याकडे बघत राहिली. मग ताईंकडे.

"जे असेल ते."

"सगळं आहे. इडली, डोसा, मिसळ, पावभाजी, पुरीभाजी."

तिच्या आयुष्यात पदार्थ यायचे, ती ते खायची. त्यांच्यात निवड असते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सर्पोद्यान सहा वेळा, आणि हे एकदाही नाही. सुनंदा म्हणाली, "मी मिसळ घेते. हे पुरीभाजी घेतील, डॉक्टरांनी नको म्हटलंय तरी. तू?"

बराच वेळ विचार झाला. वेटर, पुण्याचा असूनही, थांबला.

"तुमच्या दोघांचं नको. इडली."

आल्यावर ती जेवेना. आम्हा सगळ्यांची ताटं येईपर्यंत हात मांडीवर. मग डोळे मिटून पुटपुटत श्लोक म्हटला आणि पहिला घास घेतला. आम्ही घरी टीव्हीकडे बघत जेवतो. त्या दिवशी मीही डोळे मिटले, पुरी गार झाली.

अर्धी इडली खाऊन झाल्यावर तिने सुनंदाला विचारलं, "मुग्धा कुठे आहे?"

मी घसा साफ केला. सुनंदाने माझ्याकडे बघितलं, मी पाणी प्यायलो.

"कुठेच नाही," सुनंदा म्हणाली. "मला बाळ होईल असं वाटायचं, तेव्हा मी मनात ते नाव ठेवलं होतं. बाळ झालं नाही."

"मग ती आली तर?"

"येणार नाही. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आणि आम्ही पत्ता चुकून आलो नाही. मंगल वाचूनच आलो. नाव बदलायचं मी म्हटलं, ती माझी चूक झाली. तुझं नाव मंगलच राहील."

मंगलने चटणीत बोट फिरवलं. मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले. रात्री लाइट कोण बंद करतं. संडास घराच्या आत आहे का. बाहेरून कडी लावतात का. घरात मावश्या किती आहेत. संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना मुलं मावशी म्हणतात, आणि त्या पाळीने येतात, हे ताईंनी आम्हाला हळूच सांगितलं.

"मावश्या नाहीत," सुनंदा म्हणाली. "मीच आहे. आणि हे."

"तुमची ड्युटी कधी बदलते?"

"बदलत नाही."

"रात्रीची पण तुम्हीच?"

"रात्रीची पण मीच."

"आणि सुट्टी?"

"मला सुट्टी कोणी देत नाही गं," सुनंदा म्हणाली, आणि यात माझ्याकडे एक कटाक्ष होता. मंगलने तो पाहिला. तिने मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मी पुस्तकं सांभाळतो. आणि गोष्टी सांगतो."

"मगरीच्या?"

"दुसऱ्याही आहेत."

"खऱ्या?"

यावर मी प्रामाणिकपणे म्हणालो, की थोड्या. उरलेली इडली तिने कागदात बांधून मागितली, तिच्या शेजारच्या पलंगावरच्या मैत्रिणीसाठी. आणखी दोन बांधून घ्यायला आम्ही वेटरला सांगितलं, तर ती म्हणाली, "नको. मग सगळ्यांना न्यायला लागेल."

हो किंवा नाही, काहीच बोलली नाही. परत जाताना रिक्षात ताईंना टेकून झोपली. सुनंदा वाटभर तिच्या चपलेचा सुटलेला बंद बघत होती, पण लावायला हात पुढे केला नाही.

पाचवा दिवस : शनिवार

संस्थेच्या समितीचे तीन सदस्य टेबलामागे बसले होते. आमच्या कागदांवर सह्या झाल्या. मी तिच्या वैद्यकीय अहवालावर सही केली. मग मंगलला आत बोलावलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. हे मला अपेक्षित नव्हतं. आम्ही समोर असताना ती मोकळेपणी नाही म्हणू शकणार नाही, म्हणून तसा नियम आहे असं कळलं. चांगला नियम आहे. बाहेरच्या बाकावर बसून त्याचा चांगलेपणा मात्र जाणवत नाही.

वीसेक मिनिटांनी वैशालीताईंनी दार उघडलं.

"यायला तयार आहे. पण ती म्हणते, आधी बघणार."

"काय बघणार?" मी विचारलं.

"घर. आणि आपल्याला. मी तिला सांगितलंय की कोर्टाचा आदेश होईपर्यंत वेळ आहे, मी दर महिन्याला फोन करीन, काही वाटलं तर मला सांगायचं."

म्हणजे मी, एक्कावन्न वर्षांचा कायम नोकरीतला माणूस, पुन्हा प्रोबेशनवर. सुनंदाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे. बघू दे."

मंगलचं सामान एका पिशवीत मावलं. मैत्रिणींनी तिला चित्रं दिली. एका मावशीने पदराने डोळे पुसले आणि लगेच दुसऱ्या मुलाला ओरडायला गेली. आम्ही तिघं फाटकापर्यंत आलो. सुनंदाने हात पुढे केला नव्हता. मंगलनेच सुनंदाच्या पिशवीचा एक बंद धरला होता.

फाटकावर वॉचमनकाकांची वही होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यात नोंद व्हायची : नाव, सोबत कोण, कुठे, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. काकांनी चार रकाने भरले आणि वही मिटायला घेतली.

"काका, येण्याची वेळ राहिली," मंगल म्हणाली.

"ती आता नसते, बेटा."

"रिकामं ठेवलं की ताई ओरडतात."

काका पेन घेऊन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सुनंदाकडे. सुनंदा मंगलकडे बघत होती.

"लिहा," मंगल म्हणाली, "अजून ठरलं नाही."

काकांनी रकान्यात तसंच लिहिलं, एकेक अक्षर, आणि वही फिरवून तिला दाखवली. तिने बोट ठेवून वाचलं, बरोबर आहे म्हणाली, आणि आम्ही रिक्षा बघायला बाहेर पडलो.

कोर्टाचा आदेश सहा महिन्यांनी झाला. त्यात नाव मंगल आहे, पुढे माझं नाव आणि आमचं आडनाव. फाटकावरच्या वहीत मात्र ती नोंद अजून तशीच असणार. दुरुस्त करा असं मी वैशालीताईंना फोनवर म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "मंगलला विचारून कळवा." मंगल म्हणाली, राहू दे.